फ्रिजमधले खडे

मला कशाची भीती वाटत नाही, असं मी लोकांना सांगत आलो होतो आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला भिण्यासारखं काही उरत नाही. रिकाम्या बादल्या घेऊन आलेला जमाव मी ऑफिसच्या दारात एकट्याने अंगावर घेतला आहे. फुटलेल्या मेन लाइनच्या खड्ड्यात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हाताखालच्या माणसांना धीर दिला आहे. पण पोटात उजवीकडे यकृताच्या खाली एक छोटी पिशवी असते, तिच्यात खडे झाले आहेत आणि ती काढून टाकावी लागेल, हे एका सर्जनने मला अगदी सहज, खिडकी लावून घ्या म्हणावं तसं सांगितलं, तेव्हा माझे पाय टेबलाखाली लटपटायला लागले. मी बसलेला होतो म्हणून अब्रू वाचली.

सुरुवात एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभापासून झाली. समारंभात मी भाषण केलं. भाषण उत्तम झालं असं माझं मत आहे, बाकीच्यांचं मी विचारलेलं नाही. भाषणानंतर क्रीमचा केक होता आणि तळलेल्या पदार्थांच्या परातीच्या पराती होत्या. फुकटच्या खाण्याला नाही म्हणायचं आमच्या खात्याला माहीत नाही. थोड्याच वेळात उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी टेबलाची कड धरली. कळ पाठीतून खांद्याच्या पात्यापर्यंत गेली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली. मी घामाने भिजलो, डोळ्यांत पाणी आलं. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला वाटलं, मी त्याच्या जाण्याने व्याकूळ झालो आहे. आमचं आयुष्यात कधी पटलं नव्हतं. त्याने मला घट्ट मिठी मारली, नेमकी उजव्या बाजूने. त्या मिठीत मी ओरडलो, तर तोही हुंदके द्यायला लागला.

सोनोग्राफी झाली आणि बायको मला सर्जनकडे घेऊन गेली. सर्जन वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी कागदावर एक आकृती काढली आणि ती मला पहिल्या नजरेत कळली, कारण ती सरळसरळ पाणीपुरवठा योजना होती. यकृत म्हणजे उगम, तिथे दिवसभर पित्त तयार होतं. पित्ताशय म्हणजे साठवण टाकी, तिथे ते साठतं आणि आटून दाट होतं. जेवणात तेलकट काही आलं की टाकी आकसते, पित्त नळीतून आतड्यात सोडते आणि चरबी पचते. पित्तातल्या घटकांचं प्रमाण बिघडलं किंवा टाकी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, की तळाला गाळ बसतो आणि गाळाचे खडे होतात. खडा टाकीच्या तोंडाशी अडकला की कळ येते, अडकूनच बसला तर टाकीला सूज. आणि तिथून निसटून मेन लाइनमध्ये उतरला तर कावीळ, ताप, कधी कधी शेजारच्या स्वादुपिंडालाही सूज, आणि मग मात्र जिवाशी खेळ.

मी विचारलं, टाकी धुता येत नाही का? आमच्याकडे गाळ बसला म्हणून कुणी टाकी पाडत नाही, तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडून देतात. सर्जन म्हणाले, या टाकीला तळाचा व्हॉल्व्ह नाही आणि नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. मी विचारलं, टाकीच काढल्यावर पित्त साठणार कुठे? ते म्हणाले, साठणार नाही, यकृतातून थेट आतड्यात जाईल, माणूस व्यवस्थित जगतो. थेट पुरवठा! माझी सगळी नोकरी थेट पुरवठ्याविरुद्ध टिपणं लिहिण्यात गेली होती. थेट पुरवठ्याला दाब टिकत नाही हे मी तीन वरिष्ठांना पटवून दिलं होतं आणि आता माझ्याच पोटात ती योजना राबवणार होते.

सर्जनांनी मला समजावलं, की पुष्कळ लोकांच्या पोटात असे खडे असतात, काही त्रास देत नाहीत आणि त्यांना कुणी हातही लावत नाही. पण एकदा दुखायला लागलं की थांबू नये. पोटाला छोटी छोटी भोकं पाडून दुर्बिणीने काम होतं. भोकं हा शब्द त्यांनी अनेकवचनात वापरला. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला त्या दिवशी कळलं.

आता आमच्या खात्याची एक पद्धत सांगायला हवी. मेन लाइनवर काम करायचं तर आधी सगळ्या विभागांची संमती घ्यावी लागते. नाही कुणीच म्हणत नाही. जो तो एक शंका काढतो. शंकेला उत्तर दिलं की उत्तरावर शंका येते. काम होत नाही आणि अडवलं कुणी, हेही कळत नाही. या पद्धतीला लोक नावं ठेवतात, पण घाबरलेल्या माणसाला तिच्याइतका आसरा दुसरा नाही. मी थोरल्या भावाला कळवलं, त्याने विचारलं की दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं का. बहिणीला कळवलं, तिने विचारलं की पावसाळा जाऊ द्यायचा का. मेहुण्याने तर विचारलं की मुळात ही पिशवी उजवीकडेच असते ना. मी प्रत्येकाचे मनापासून आभार मानले आणि प्रत्येकाच्या शंकेवर आठवडा काढला.

त्यात विमा कंपनी देवासारखी धावून आली. शस्त्रक्रियेला मंजुरी देण्याआधी त्यांना हवं होतं, खडे नेमके कोणत्या तारखेपासून आहेत. मी लिहून दिलं, खडे येताना मला कळवून आलेले नाहीत. त्यावर त्यांच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मग ते आधीपासून नव्हते असं डॉक्टरकडून लिहून आणा. मी आनंदाने घरी आलो. बायको ताटं पुसत होती.

"तुम्हाला भीती वाटतेय," ती म्हणाली.

मी म्हणालो, भीतीचा प्रश्न नाही, प्रक्रियेचा प्रश्न आहे. तिने ताट जरा जोरात ठेवलं. कळ मधूनमधून येतच होती. ती आली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहायचो. पाण्याच्या आवाजात कण्हणं ऐकू जात नाही, अशी माझी समजूत होती. पाणी जपून वापरा म्हणून घरोघर पत्रकं वाटणारा माणूस मी.

याच काळात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. ते निवृत्त मुख्याध्यापक. इमारतीत त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण कुणाला काहीही झालं तरी ते त्यांना आधी होऊन गेलेलं असतं. पत्नी वारलेल्या, मुलगा नोकरीसाठी लांब, त्यामुळे अनुभव सांगायला वेळही भरपूर. माझ्या खड्यांची बातमी त्यांना जिन्यात लागली असणार. ते खुर्चीत बसले, उजवी बरगडी जरा दाबली, गॅस झालाय म्हणाले आणि मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की कित्येक वर्षांपूर्वी त्यांनाही पित्ताशयात खडे झाले होते आणि ते त्यांनी चाकू न लावता घरच्या घरी काढले.

दिवसभर नुसता सफरचंदाचा रस. संध्याकाळी भांडंभर तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून एका दमात प्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी खडे बाहेर. पुरावा म्हणून त्यांनी मला वर नेऊन फ्रिज उघडून दाखवला. लोण्याच्या डब्याशेजारी काचेची बरणी, बरणीत हिरवट, गुळगुळीत, चांगले हरभऱ्याएवढे खडे. बरणीला लेबल होतं. मुख्याध्यापकच ते.

"तेव्हापासून तेलकट खात नाही, बाकी काही त्रास नाही," ते म्हणाले आणि फ्रिज लावून घेतला. "खडे मात्र थंडीत ठेवायचे. टिकतात."

मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझ्या पाठी मुख्याध्यापक उभे राहिले होते. सर्जनच्या सुऱ्या, भोकं, भूल, सगळं एका भांडंभर तेलावर भागत होतं. बायको म्हणाली, डॉक्टरांना एकदा विचारा तरी. डॉक्टर कशाला स्वतःच्या पोटावर पाय देतील, असं मी तिला मोठ्या माणसासारखं समजावलं.

तेल प्यायल्यावर काय झालं ते मी सविस्तर सांगणार नाही. एका सुशिक्षित माणसाने एक संध्याकाळ आणि एक सकाळ कुठे घालवली हे सांगायला काही मर्यादा आहेत. अंगातलं बळ पार गेलं. कळही येऊन गेली, चांगली सणसणीत, आणि एक वेळ अशी आली की मी गालिच्यावर पडल्या पडल्या बायकोला बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगायला लागलो. पण सकाळी खडे निघाले. हिरवट, गुळगुळीत, अनुभवींच्या बरणीतल्यासारखे. काही तर मोठे. मी चाळणी घेऊन ते धुतले. ती चाळणी बायकोने नंतर टाकून दिली, आणि त्याबद्दल आमच्यात अजून बोलणं होत नाही.

मी बरणी घेऊन फ्रिजकडे गेलो. बायको फ्रिजच्या दारासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असं अडवल्याचं मला आठवत नाही. फ्रिजमध्ये दूध आहे, ती म्हणाली. एवढंच. तेव्हा मी बरणी हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आल्यागेल्याला दिसेल अशी.

आल्यागेल्याला दिसलीही. दुपारनंतर लोक यायला लागले. तळमजल्यावरच्या काकू आल्या, त्यांनी चष्मा लावून पाहिलं. समोरचे वकील आले, त्यांनी विचारलं की हे स्वतःचेच ना. अनुभवी तर सकाळपासून बसून होते, त्यांनी पद्धत सगळ्यांना दोनदा समजावून सांगितली. मी पलंगावर पडून नम्रपणे हसत होतो. सर्जनला एक पत्र लिहावं, नम्र पण सूचक, असा माझा विचार चालला होता. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात ऊन खिडकीच्या कट्ट्यावर आलं. काकूंनीच आधी पाहिलं. त्या म्हणाल्या, अहो, तुमच्या खड्यांना घाम सुटलाय. आम्ही सगळे बरणीभोवती वाकलो. खडे मऊ पडत होते. सगळ्यात मोठा खडा एकाएकी खाली बसला. मग एकमेकांत मिसळून त्यांचा हिरवट तेलकट चिखल झाला आणि वर साबणासारखा फेस आला.  बायको आली, तिने चमचा बुडवून बोटांना लावून पाहिलं.

"साबण आहे," ती म्हणाली. "तुम्ही प्यायलेल्या तेलाचा पोटात साबण झालाय. खडे आत आहेत ते आतच आहेत."

लोक एकेक करून गेले. वकील जाताना म्हणाले, निदान पोट तरी धुवून निघालं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. लाज होती ती होतीच, पण लाजेखालची गोष्ट जास्त वाईट होती. भीती परत आली होती, आणि आता तिला अडवायला मध्ये काहीच नव्हतं. अनुभवी केव्हा उठून गेले ते मला कळलं नाही. एरवी ते निरोप घेतल्याशिवाय जात नाहीत.

आता सरळ सर्जनकडे जायचं, तर तोंड कसं दाखवणार? मी विमा कंपनीच्या पुढच्या शंकेची वाट पाहत बसलो. ती येण्याआधी थंडी वाजून ताप आला. तो उतरला आणि पुन्हा चढला. सकाळी दाढी करायला मी खिडकीशी आरसा घेऊन बसलो, तर बायको चहा ठेवायला आली आणि ठेवलाच नाही. माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

"डोळे पिवळे झालेत," ती म्हणाली. आणि ती रिक्षा बोलवायला गेली.

मेन लाइन चोकअप म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मागे पाणी तुंबतं, दाब वाढतो, जिथे जोड कच्चा तिथे फुटतं. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी कपाळाला हात लावून विचारलं आहे की इतके दिवस झोपला होतात का. आता रिक्षात बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून मी तेच स्वतःला विचारत होतो. थंडीने दात वाजत होते. मला मरायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट मी आजवर कुणाला म्हणालो नव्हतो. रिक्षात ती मी दोनदा म्हणालो. बायको म्हणाली, कळलंय मला, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, जरा बिगीने.

सर्जन रागावले नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. खडा नळीत उतरला होता आणि तिथे जंतूंनी घर केलं होतं. आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढला, मग ताप उतरल्यावर, काही दिवसांनी, टाकीच काढली. विम्याच्या खिडकीतल्या बाईंनी शेवटपर्यंत तारीख विचारली. बायकोने त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण मंजुरी आली.

स्ट्रेचरवरून नेताना मी छतावरचे दिवे बघत होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी म्हणालो, पाणीपुरवठा. ते म्हणाले, आमच्याकडे सकाळी पाणी येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी या तक्रारीला उत्तर दिलं नाही. मला आईची आठवण येत होती. या वयात.

घरी आलो तेव्हा माझ्याजवळ एक छोटी बाटली होती. त्यात माझे खरे खडे. बारीक, खरखरीत, मातकट, वाटाण्याच्या अर्ध्याएवढे. दिसायला अगदीच साधे. मी ते कुणाला बोलावून दाखवले नाहीत, नुसते कट्ट्यावर उन्हात ठेवले. ऊन आलं, ऊन गेलं, ते होते तसेच राहिले.

अनुभवी बरेच दिवस फिरकले नव्हते. सगळी इमारत येऊन गेली, ते आले नाहीत. मला थोडा रागही होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी ते आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दार लावून घेऊ का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लावलं. रुमालातून बरणी निघाली. काचेवर अजून दव होतं.

"तुमचे उन्हात ठेवले होते ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मी माझे कधी बाहेर काढलेच नाहीत."

त्यांचा हात उजव्या बरगडीकडे गेला. गॅस का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी बरणी त्यांच्या हातून घेऊन कट्ट्यावर माझ्या बाटलीशेजारी ठेवली. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. त्यांनी पाण्याच्या दाबाबद्दल विचारलं, मी वरच्या मजल्यांना तो का कमी असतो ते सांगितलं. ऊन कट्ट्यावर सरकलं. आधी वरचे खडे चकचकीत झाले. मग लेबलाशेजारी काचेच्या आतून एक हिरवट ओघळ खाली आला. इतक्या वर्षांचा पुरावा बघता बघता तळाला बसला.

 अनुभवींनी माझ्याकडे न बघता विचारलं, "फार त्रास होतो का हो?"

इमारतीतल्या प्रत्येक दुखण्याचा त्रास ज्यांनी आम्हाला आगाऊ सांगितला होता, ते विचारत होते. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. त्यात मी शूर होतो आणि ते चार जणांना सांगूनही झालं होतं. पण त्यांचा हात पुन्हा उजव्या बरगडीकडे गेलेला मला दिसत होता.

"त्रासाचं सोडा," मी म्हणालो. "घाबरलो होतो मी. पार घाबरलो होतो. नळ सोडून बाथरूममध्ये रडलोय."

त्यांनी श्वास सोडला. "बरं झालं बोललात," ते म्हणाले. "मला वाटायचं मीच एकटा." मग बरणी पुन्हा रुमालात गुंडाळत म्हणाले, "आणि ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार माझ्या? मुलाला मी काही सांगितलेलंच नाही. त्याला वाटतं, बाबांना सगळं माहीत असतं."

मला आता त्या फ्रिजचा अर्थ कळला. बायको स्वयंपाकघराच्या दारात केव्हाची उभी होती.

"मुलाला आज फोन करायचा," ती म्हणाली. "तो येईपर्यंत हे आहेत. ह्यांनी जन्मभर सह्याच केल्यात." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या वेळी शंका काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनोग्राफीला निघालो. जिन्यात काकूंनी विचारलं, कुठे सकाळी सकाळी? अनुभवींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझीच तपासणी आहे, हे सोबतीला आलेत. तिथे बाकावर ते माझ्या बाहीचं टोक धरून बसले होते, नकळत. मी हात हलवला नाही. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले नाहीत. मग मी उठलो, तेव्हा तेही उठले.